निळीचा मॅनिफोल्ड

शेखरराव बोरस्ते यांनी नोकरीच्या उभ्या काळात स्वतःच्या हातानं एकही वस्तू बनवली नव्हती. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करणं हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात 'आजचा माल बोरस्ते साहेबांच्या टेबलावर न जावो' असे नवस बोलले जात. क्वालिटी खात्याचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या समारंभात कामगारांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेखरराव गहिवरले. टाळ्या नेमक्या कशाबद्दल होत्या, याच्या खोलात ते गेले नाहीत. न तपासता स्वीकारलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट असावी.

निवृत्त माणसाची नोकरी सुटते, खोड सुटत नाही. नाशिक रोडच्या गोदाछाया सोसायटीतल्या त्यांच्या रो-हाउसमध्ये आता रोजची तपासणी सुरू झाली. पोळी एका कडेला जाड. पडद्याचा रॉड डावीकडे उतरता. आमटीतली फोडणी 'मागच्या लॉटपेक्षा' फिकी. बायको उज्वलाताई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. तोंडात टाचण्या धरून गप्प राहायची सवय त्यांना नोकरीनंच लावलेली. पण गप्प राहण्यालाही मर्यादा असतात.

"एकदा स्वतः लाटून दाखवा की पोळी," त्या म्हणाल्या.

"तपासणाऱ्यानं बनवायचं नसतं आणि बनवणाऱ्यानं तपासायचं नसतं," शेखरराव शांतपणे म्हणाले. "क्वालिटीचा हा मूळ पाया आहे, उज्वला."

हा पाया पुढं त्यांच्याच अंगाशी आला. ती गोष्ट अशी.

उज्वलाताईंचं माहेर सायखेड्याचं. वडील गोरक्षअण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची गाडी द्राक्षाच्या क्रेटच्या शेडमध्ये तशीच उभी होती. कुठली गाडी, हे विचारण्यात अर्थ नाही. विलायतेतली ती कंपनी गाडीच्याही आधी वारली. घरात तिला 'निळी' म्हणत. निळा रंग आता फक्त दारांच्या आतल्या अंगाला शिल्लक होता. बाहेरच्या रंगाचं काय करायचं ते कोंबड्यांनी आपल्या परीनं ठरवलं होतं.

त्या वर्षी श्रावणात शेखरराव सासुरवाडीला जेवायला गेले असताना मेहुण्यानं, भारतनं, विषय काढला. "दाजी, दसऱ्यानंतर छाटणी चालू होईल. शेड मोकळी पायजे. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, दसरा झाला का दुसऱ्या दिवशी टेम्पो घिऊन येतो म्हणला."

ओट्यावर सासूबाई, चतुराबाई, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नेऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग मी बी मागच्या शिटावर बसते. माझं बी वजन धर म्हणावं."

म्हातारी चिडली असती तर भारतला सोपं गेलं असतं. ती चिडली नव्हती. तिनं दुसरी शेंग घेतली एवढंच. आणि नेमके तेव्हाच शेखरराव बोलले. जावयानं सासुरवाडीत पुरणाचे मांडे पोटभर खाल्ल्यावर तोंड उघडू नये, हा नियम खरं म्हणजे लग्नाच्या याद्या करतानाच लिहून घ्यायला हवा.

"आई, तुम्ही काळजी करू नका. दसऱ्याला निळीत बसवून तुम्हाला अख्ख्या गावात फिरवतो. माझा शब्द."

चतुराबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत इतका विश्वास होता की शेखररावांना तिथंच घाम फुटला.

गाडी बघायला गावातल्याच गॅरेजवाल्या बद्रुद्दीनभाईंना बोलावलं. ट्रॅक्टरपासून उसाच्या रसाच्या चरकापर्यंत फिरणारी कुठलीही वस्तू आपण बरी करतो असं ते सांगत, आणि बरी न झालेली वस्तू मुळात बिघडलेलीच नव्हती असंही सांगत. त्यांनी बॉनेट उघडलं, आतली कोंबडी हाकलली, हँडल फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

"इंजिन फस्क्लास हाय, साहेब. बीमारी इथं हाय, हे बघा."

कार्बोरेटरमधून निघालेली पेट्रोल आणि हवेची मिसळ इंजिनाच्या तोंडापर्यंत पोचवणारी ॲल्युमिनियमची दुतोंडी नळी, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. माणसाला श्वासनलिका, तशी ती इंजिनाला. निळीच्या श्वासनलिकेला लांबलचक चीर गेली होती, एक कान मोडला होता, आणि अण्णांनी त्यावर सायकलची ट्यूब आणि तार गुंडाळून ठेवली होती. बद्रुद्दीनभाईंनी तार सोडताच नळीचे दोन तुकडे हातात आले.

"हा पार्ट कुठं मिळेल?" शेखररावांनी विचारलं.

"मिळंल ना. ज्या गोऱ्या साहेबानं बनवला, त्याच्या कबरीत." मग दया येऊन ते म्हणाले, "माझ्याकडं टेम्पोचं कार्बोरेटर पडलंय. पायपाला जोडतो, ठोकून बशीवतो. धा मिंटाचं काम."

'ठोकून' हा शब्द ऐकताच शेखररावांच्या अंगावर काटा आला. "ठोकून काही बसवायचं नाही. मी नवा मॅनिफोल्ड बनवतो. मापात."

"कधी बनवलाय?"

"हजारो पार्ट तपासलेत मी."

"तसं मी बी हजार लग्नांत जेवलो, साहेब. पर बिर्याणी घरी हमीदाच बनवती."

हा अपमान शेखररावांनी गिळला आणि नाशिक रोडला येताच जुन्या बाजारातून धातू कातायचं एक छोटं लेथ आणि त्याहून छोटं मिलिंग मशीन उचललं. टेम्पो सोसायटीच्या कमानीत अडकला. मशीन चेअरमन ललित यांच्या फाटकासमोर उतरवावं लागलं आणि संध्याकाळपर्यंत ते तिथंच बसलं. ललित चेअरमन म्हणून बिनविरोध निवडून आले होते, कारण इतर कुणाला वेळ नव्हता. ते बाहेर आले, मशीनभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? अंबडला कुणालाही ड्रॉइंग द्या, कॉम्प्युटरवरच्या मशीनवर करून देतील."

अंबडच्या एकूण एक वर्कशॉपवाल्यांचा माल शेखररावांनी कधी ना कधी परत पाठवला होता. त्यांच्या दारात हा एक पार्ट घेऊन जायचं म्हणजे काय, याची ललितना कल्पना नव्हती. शेखरराव म्हणाले, "हाताच्या कामात वेगळा आनंद असतो."

मशीन बघायला सोसायटी लोटली आणि प्रत्येकानं सल्ला दिला. कुणी म्हणालं थ्रीडी प्रिंट करा. कुणी म्हणालं, जावयाची गाडी इलेक्ट्रिक आहे, तिला ही नळीच नसते. एका आजोबांनी वास्तूच्या दृष्टीनं लेथचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. शेवटी पोर्चमध्ये, जिथं स्कूटर असायची तिथं, मशिनं बसली. स्कूटर पावसात गेली आणि तुळस खिडकीखाली सरकली. उज्वलाताईंच्या पोळ्या त्या दिवशी सगळ्याच कडांनी जाड झाल्या.

लेथ सुरू झालं आणि ललितच्या घरात टीव्हीवरची मालिका थरथरू लागली. दुसऱ्या दिवशी नोटीस आली: 'निवासी जागेत औद्योगिक हालचाल करण्यास मनाई'. शेखररावांनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवून ती परत पाठवली. सवयीचा परिणाम. मग सभा बसली.

"हा छंद आहे," शेखरराव म्हणाले.

"छंद म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणं," ललित म्हणाले. "तिकिटं जमवताना शेजाऱ्याच्या कपाटातल्या बश्या वाजत नाहीत."

या खटल्याचा निकाल गणपतीनं लावला. लेथवरून निघणारा ॲल्युमिनियमचा चुरा चकाकत्या कुरळ्या बटांसारखा असतो. सोसायटीतल्या बायकांनी तो पोर्चमध्ये पाहिला आणि यंदाच्या मखराला चांदीची झालर फुकटात मिळाली. गोदाछायाच्या मखराला प्रभागात पहिलं बक्षीस मिळालं, ढाल ललितनी स्वीकारली, आणि औद्योगिक हालचालीला दुपारपुरती परवानगी झाली. अट एकच: रहिवाशांची किरकोळ कामं करून द्यायची. त्यामुळं पुढं मॅनिफोल्डपेक्षा मिक्सरची भांडी, फोल्डिंग कॉटचे पाय आणि एका बाईंची पुरणयंत्राची जाळी हीच कामं जास्त झाली. त्यांतल्या जाळीची तक्रार अजून मिटलेली नाही.

या सगळ्यातून वेळ काढून शेखररावांनी पहिला मॅनिफोल्ड बनवला. इंजिनाला चिकटणारी जाड पट्टी, तिला दोन भोकं, मधून नळी, वर कार्बोरेटरची बैठक. पट्टीवर शेवटचा हात फिरवून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पितृत्वाच्या भावनेनं त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांना सिद्धान्त आठवला. बनवणाऱ्यानं तपासायचं नसतं. म्हणजे तपासायला त्रयस्थ माणूस हवा. घरात एकच होतं.

त्यांनी उज्वलाताईंना प्रशिक्षण दिलं. टीपॉयची जाड काच काढून आडवी ठेवली, कारण चांगली काच अगदी सपाट असते. तिच्यावर पट्टी ठेवायची आणि फटीतून फिलरची पत्ती सरकवून बघायची. फिलर म्हणजे कागदापेक्षा पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा. पातळ पत्ती आत गेली तर पट्टी वाकडी, म्हणजे हवा गळणार, म्हणजे नापास. नापास मालाला लाल चिठ्ठी बांधायची. लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा शेखररावांनी निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून घरी आणला होता. लोक शाल-श्रीफळ आणतात.

उज्वलाताईंनी चष्मा पुसला आणि मॅनिफोल्ड हातात घेतला. काचेवर ठेवण्याच्या आधीच त्या म्हणाल्या, "हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"जुना तुकडा शेजारी ठेवा. ह्याचं उजवं ते तुमचं डावं झालंय. शाळेत पोरी करायच्या असं, कापड उलट घडीवर कापलं की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या."

शेखररावांनी जुना तुकडा ठेवला. मग फिरवून ठेवला. मग मान वाकडी करून पाहिलं. कुठूनही बघितलं तरी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच होत्या. इकडं उज्वलाताईंनी लाल चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'उलटा' असं लिहून ती गाठ मारून बांधली. नवऱ्याच्या निवृत्तीपासून रोज पोळ्या नापास होत आलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान होतं, ते व्रतवैकल्यांनी येत नाही.

दुसरा सुलटा झाला. पण नळी पट्टीला जोडायला वेल्डिंगवाल्याकडं दिली आणि उष्णतेनं पट्टी पापडासारखी वळली. काचेवर ठेवल्यावर फटीतून पत्ती काय, उज्वलाताईंनी त्यांचं वाचनालयाचं कार्ड घालून दाखवलं. "नापास," त्या म्हणाल्या. "आणि ही नळी मधे जाड आहे. मागच्या लॉटमध्ये बरी होती."

"नळीचं तुला बघायला सांगितलं नव्हतं."

"सांगितल्याशिवाय बघणारा तो खरा तपासनीस, हे कोण म्हणायचं?"

शेखररावांना जेवण गेलं नाही. कारखान्यात ज्या माणसांच्या पुढ्यात त्यांनी अशा चिठ्ठ्या टाकल्या, ती माणसं त्यानंतर डबा कसा खात असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवला. त्यांनी तो लगेच बाजूला सारला, कारण अशा विचारांनी क्वालिटी बिघडते.

तिसरा मॅनिफोल्ड नवरात्राच्या शेवटाला कसाबसा तयार झाला. या खेपेला पत्ती सगळीकडून अडली, फक्त एका कोपऱ्यात, हट्टानं सरकवली तर, जरा आत गेली. उज्वलाताईंनी चिठ्ठी काढली.

"एवढं चालतं गं," शेखरराव म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडलं यावर त्यांचाच विश्वास बसेना. ते वाक्य त्यांनी उभ्या जन्मात फक्त ऐकलं होतं. शेवटी ठरलं की खंडेनवमीला सायखेड्याला जाऊन गाडीवरच लावून बघायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता, आणि चतुराबाईंनी भारतकडून नवं लुगडं आणवून घेतलं होतं.

खंडेनवमीला सकाळी शेखरराव उज्वलाताईंसह हत्यारांची पेटी घेऊन पोचले तेव्हा अंगणात पाट मांडलेले होते. त्यावर विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप असं सगळं धुऊनपुसून ठेवलं होतं. चतुराबाईंनी जावयाच्या हातातली पेटीही घेतली.

"आई, ह्यातले पाने आत्ता लागणार आहेत मला."

"आज हत्याराला सुट्टी. वरीसभर राबत्यात ती बी. उद्या सकाळी घ्या."

एकूण एक पाना हळदकुंकू लावून पाटावर गेला. फिलरचा जुडगाही गेला, त्याला झेंडूचं फूल मिळालं. आणि मधोमध, तांदळाच्या राशीवर, दोन्ही तोंडं आभाळाकडं करून, मॅनिफोल्ड बसला. त्याची इतकी इज्जत गोदाछायात कधी झाली नव्हती. शेखरराव सुखावले आणि दुपारभर झोपले.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून काम सुरू झालं. बद्रुद्दीनभाई मदतीला, म्हणजे बोलायला, आले होते. उज्वलाताईंनी इंजिनावर पट्टी टेकवून पत्ती घातली. ती कोपऱ्यात आत गेली.

"नापास," त्या म्हणाल्या.

"म्हंजी काय झालं?" चतुराबाईंनी विचारलं. त्या नवं लुगडं नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन, केव्हाच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

"तिथून हवा आत जाणार, आई," उज्वलाताई म्हणाल्या.

"मंग जाऊ दे की. हे गेल्यापासनं तिला कुठं वारा लागलाय?"

बद्रुद्दीनभाईंनी मध्यस्थी केली. त्यांची मुलगी तबस्सुम हिच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका जाड पुठ्ठ्याच्या होत्या. एक कापून त्यांनी फट बुजवायला गॅस्केट केली आणि पट्टीखाली घातली. नवरदेवाचं नाव नेमकं भोकात गेलं. नट आवळले, पेट्रोल भरलं, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि भारतनं हँडल मारलं. एव्हाना कुंपणाला गाव लागलं होतं.

निळी खोकलीसुद्धा नाही.

भारतनं पुन्हा हँडल मारलं. मग चुलतभावानं मारलं. शेखरराव म्हणाले, टायमिंग चुकलंय. बद्रुद्दीनभाई म्हणाले, पंप गेलाय, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. ते बोलले नव्हते. टायमिंग काढून लावलं, पंप खोलला, प्लग पुसले, कुंपणावरून कुणी तरी धक्का द्या म्हणालं म्हणून धक्काही दिला. दुपार कलली. भारतच्या तळहाताला फोड आले आणि तो दाजींकडं अशा नजरेनं बघू लागला की टेम्पो उद्याऐवजी आजच यावा, असं शेखररावांनाच वाटायला लागलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि मागच्या सीटवर म्हातारी आपट्याची पानं सांभाळत तशीच बसून होती. "उतर, आई, जेवून घे," असं उज्वलाताई दोनदा म्हणाल्या. ती उतरली नाही.

"जावईबापू," बऱ्याच वेळानं चतुराबाईंनी हाक मारली, "तिच्यातली सुपारी काढली ना तुमी?"

"कसली सुपारी?"

"ओटीची. काल भरली ना मी तुमच्या नव्या नळीची ओटी. घरात नवी येती, बिगर ओटीची कशी लावायची? खण-नारळ सूनबाईनं उतरवून घेतलं. सुपारी, हळकुंड आन् मूठभर तांदूळ तिच्या पोटात घातलं व्हतं."

कुंपणाला लागलेलं गाव हसू लागलं. ते हसू नदीपलीकडंही ऐकू गेलं असेल. शेखरराव वळून बायकोकडं बघायला लागले.

"आत बघायला तुम्ही शिकवलंच नाही," उज्वलाताई म्हणाल्या. "फक्त कडा बघायच्या, म्हणालात."

मॅनिफोल्ड उतरवला. नळीच्या वळणात सुपारी आणि हळकुंड एकमेकांना मिठी मारून बसले होते आणि निळीचा श्वास कोंडला होता. तांदूळ बरेचसे इंजिनानं आधीच गिळले होते. पत्रिकेची गॅस्केट काढताना फाटली, दुसरी घाईत कापली ती कोपऱ्यात तोकडी पडली. पण आता कुणालाच धीर नव्हता. भारतनं फोड आलेल्या हातांनी हँडल धरलं, आणि पहिल्याच फेऱ्याला निळी लागली.

शेड हादरली. कोंबड्या छपरावर गेल्या. मागच्या धुराड्यातून काळा धूर निघाला आणि त्याबरोबर चार-दोन करपलेल्या लाह्या अंगणात उडाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेखररावांनी स्टिअरिंग धरलं, पण तेवढ्यात त्यांना ती ऐकू आली. इंजिनाच्या धडधडीवरून एक बारीक, लांबट शिट्टी. कोपऱ्यातल्या फटीतून हवा आत ओढली जात होती.

"लीक आहे," ते पुटपुटले. अख्ख्या गावादेखत त्यांच्या हातचा पार्ट ओरडून आपला दोष सांगत होता. "बंद करतो. काढून पुन्हा घासतो. असं नाही देता येणार." त्यांनी किल्लीकडं हात नेला.

मागून एक सुरकुतलेला हात आला आणि त्यानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. सासूनं जावयाचा हात असा कधी धरला नव्हता.

"बंद करू नगा," चतुराबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अशीच वाजायची ती. हे नाशकावनं यायचे तवा मळ्याच्या वळणाला गाडीचा जोर कमी करायचे, का ही अशी वाजायची. चुलीपशी ऐकू यायची मला. ती वाजली का मी तव्यावर भाकर टाकायचे. हे पाय धुऊन पाटावर बसायला आन् भाकर फुगायला एकच गाठ." त्यांनी दुसऱ्या हातातली आपट्याची पानं मांडीवर ठेवली. "हे गेले तवापासनं भाकर कवा टाकायची त्येच कळंना मला."

भारत पाठ फिरवून हँडल पुसत राहिला, ते आधीच स्वच्छ होतं. उज्वलाताईंनी फिलरचा जुडगा पेटीत टाकला आणि पदर डोळ्यांना लावला. शेखरराव निरोपाच्या समारंभातल्यासारखेच गहिवरले, आणि या खेपेला कशानं ते त्यांना नीट कळत होतं. त्यांनी किल्लीवरचा हात काढला आणि गिअर टाकला.

कागदपत्रं, विमा वगैरे भानगडी उभ्या होत्याच, म्हणून फेरी मळ्याच्या रस्त्यानं वळणापर्यंत आणि परत एवढीच ठरली. शेजारी उज्वलाताई, मागं सासूबाई. गाडीनं जोर धरला तशी शिट्टी दबली. शेखररावांनी आरशात पाहिलं. मागं म्हातारी कान देऊन बसली होती.

वळणावरच्या घरात कुसाबाई राहायच्या. वयानं चतुराबाईंच्याच, दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलेल्या. गाडी वळली, शिट्टी निघाली, आणि त्या काठी टेकत दारात आल्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

"चतुरे!" त्यांनी तिथूनच आवाज टाकला. "भाकर टाक गं, आलं तुझं मालक!" आणि मग काय बोलून गेलो ते उमजून त्यांनी जीभ चावली.

चतुराबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"तव्यावरच हाय, कुसाबाई!"

शेखररावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय पुरता उचलला, म्हणजे शिट्टी कुसाबाईंना नीट ऐकू जाईल.